परक्याची झोप

काशीदहून सिमल्याला मोटारीने जायचे, तेही ऐन जानेवारीत, असा बेत आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी आखला आहे. तेथील भारतीय उच्च अध्ययन संस्थेत त्यांचे महिनाभर वास्तव्य आहे. १८८८ साली बांधून झालेल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानी १९६५ पासून ही संस्था नांदते. निवांत चिंतनाला तेथे अवसर मिळतो.

त्यांचे वेळापत्रक आम्ही पाहिले. अंतर अठराशे किलोमीटरांहून अधिक, दिवस तीन. पुस्तकांच्या पेट्या, लोकरी कपडे, सारे काटेकोर. भाड्याच्या गाडीचा चालक मात्र एकच, आणि त्याच्या झोपेला त्यात जागा नाही. हरयाणाच्या मैदानात या दिवसांत उत्तररात्री दाटलेले धुके उन्हे वर येईतो हटत नाही. पुढे डोंगरात, सावलीतल्या वळणांवर, रस्त्यावरचे पाणी गोठून काचेसारखे होते. कोकणातल्या चालकाला ही काच ओळखू यावी कशी?

"तो तयार आहे," असे उत्तर मिळाले. पण नकार दिल्यास ज्याची रोजी बुडते, त्याच्या होकाराने आपला भार हलका होतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तासांवर आणले, ते त्याच्या संमतीवर सोडले नाही. शब्बाथाच्या आज्ञेतही दासाच्या, इतकेच काय, बैलाच्या विसाव्याची तरतूद आहे. आठ तासांत चारशे किलोमीटर धरले, तर पाच दिवस हवेत. जादा मुक्कामांचा खर्च अर्थातच चिंतन करणाऱ्याचा.

उदयपूरचा एक मुक्काम वाढला आहे. दुसऱ्याविषयी बोलणे चालू आहे.