उपज

गाताना आधी न ठरवलेलं, त्या क्षणी सुचलेलं जे गळ्यातून उतरतं, त्याला गवई 'उपज' म्हणतात. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कापसाची उपज, संत्र्याची उपज, रोजच्या बोलण्यातलाच शब्द आहे.

पण जे ठरलेलं आहे, त्यात आपलं काही घालावं का? जैन घरातल्या बाईला हा प्रश्न लवकर भेटतो. सूत्र म्हणताना एक अक्षर कमी-जास्त झालं तरी तो अतिचार, असं आपण लहानपणापासून शिकतो. णमोकार मंत्रात कोणी भर घालत नाही. स्तवनाचं मात्र तसं नाही. मंडळात एखादी सून ओळीवर जरा आलाप घेते आणि दोन मतं पडतात. एक म्हणते, "किती गोड गायली!" दुसरी म्हणते, "भगवंतापुढे हा दिखावा कशाला?" दोघींचंही म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

जरा गाण्याकडेच बघू. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची, पण गवई ती तासभर गातो. म्हणजे तो मनाला येईल ते गातो का? नाही. भूप गायचा तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाच स्वरांतच सगळा विस्तार, आणि कितीही फिरून आलं तरी समेवर यायचंच. दक्षिणेकडे याला 'मनोधर्म' म्हणतात. तिथे कृतीतली एकच ओळ वेगवेगळ्या स्वरांनी पुन्हा पुन्हा सजवतात, शब्द तेच ठेवतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेल्या जॅझमध्ये प्रत्येक वादक आपल्या पाळीला नवं वाजवतो, पण खालची सुरावटीची चौकट सगळ्यांची एकच. युरोपात आज लिहिलेलं जसंच्या तसं वाजवण्याची शिस्त मोठी. तरी 1747 साली राजा फ्रेडरिकनं दिलेल्या सुरावटीवर बाखनं तिथल्या तिथे रचना वाजवून दाखवली होती.

इतकं लांब कशाला जायचं? आपल्या आज्या-पणज्या जात्यावर काय करत होत्या? ओवीचा साचा ठरलेला, जात्याची लय ठरलेली. त्यात भाऊ, माहेर, पंढरी, सासूचा बोल, जे त्या पहाटे मनात असेल ते यायचं. हेमा रैरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. या बायांना गुरू नव्हता, मंच नव्हता, टाळ्याही नव्हत्या. मग तिथे दिखावा कोणापुढे करणार?

संत्र्याची बाग ज्यांच्या घरी आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. बहार यायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं. मग पाणी दिलं की फूल येतं. ताण दिलाच नाही तर बहार धड येत नाही. फार दिला तर झाडच खचतं. नियम आणि मोकळीक यांचं नातं मला असंच वाटतं.

म्हणून जुन्या चालीचा आग्रह धरणाऱ्या बायांना मी एवढंच म्हणते, की आज ठरलेली वाटणारी चाल कधीतरी कोणाला तरी सुचलेलीच होती. भक्तामर गावोगावी वेगळ्या चालीत ऐकू येतं; मानतुंगाचार्यांचे शब्द तेच राहतात. आणि गाणाऱ्या सुनेला म्हणते, आलाप घे, पण सत्तरीच्या आजींना ध्रुवपदावर आपल्याबरोबर येता यावं इतकी जागा ठेव. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या स्तवनात ध्रुवपद हीच सम. तिथे बाकीच्या गप्प बसल्या, तर स्तवन राहिलं बाजूला आणि कार्यक्रम सुरू झाला.

राहिला प्रश्न मानाचा. मान हा कषाय आहे, आणि तो आलापात आहे की नाही हे ऐकणारीला कळत नाही. साधं, सरळ गाणारीच्या मनातही 'मी कशी नियमानं गाते' असा मान असू शकतो. कर्म बांधलं जातं ते परिणामांनी, आणि आपले परिणाम आपल्यालाच दिसतात. दुसरीच्या गळ्याची आलोचना आपल्या हाती नाही. आपली तेवढी आहे, ती रोज संध्याकाळी करावी.