शहाणी होण्याआधी

आजीच्या घरी महिन्यातले तीन दिवस कुणी ना कुणी मामी, मावशी माजघराच्या कोपऱ्यात बसलेली असे. तिचं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. "ती तिथं का बसलीय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे, "तिला कावळा शिवलाय." मी कितीतरी वर्षं अंगणातल्या कावळ्यांना घाबरून होते. सातवीत असताना एक दिवस बाकावरून उठले आणि मागच्या मुलीने स्कर्टवरचा डाग दाखवला. मला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, आता आपण मरणार. त्या रक्ताचा आणि आजीच्या घरातल्या कावळ्याचा काही संबंध असेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. संध्याकाळी आईने कपडा हातात दिला आणि दोनच वाक्यं सांगितली, "आता दर महिन्याला असं होणार. कुणाला सांगू नकोस."

आपल्याकडे मुलीला पाळी आली की "शहाणी झाली" म्हणतात. पण ते शहाणपण तिला दिलं कुणी? शरीर बदललं म्हणून कुणी शहाणं होत नाही. शहाणपण सांगावं लागतं, आणि तेही आधी.

त्याची सुरुवात शब्दापासून होते. बाजूला बसली, अडचण आली, बाहेरची झाली, डेट आली, प्रॉब्लेम आहे. या सगळ्या शब्दांत काही ना काही लपवलेलं आहे. त्या मानाने "पाळी" हा शब्द किती स्वच्छ! पाळी म्हणजे क्रम, खेप. रांगेत उभं राहिलं की आपली पाळी येते. पेरणीआधी शेतकरी रानात कुळवाची पाळी घालतो. ठरावीक काळाने पुन्हा येते ती पाळी. त्यात ना घाण आहे, ना अपराध. मुलीला पहिल्यांदा हा शब्द द्यावा, मोठ्या आवाजात, दिवसाउजेडी.

पूर्वी लोक याविषयी गप्प होते असंही नाही. पहिलं न्हाण आलं की मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत. कारण तिचं लग्न आधीच झालेलं असे आणि न्हाणानंतर गर्भाधानाचा विधी व्हायचा असे. 1891 साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद पेटला! लोकमान्य टिळकांसारखा नेता त्या कायद्याच्या विरोधात उभा होता. बाराच्या आत न्हाण आलं तर गर्भाधानाचं काय, हा विरोधकांचा एक प्रश्न होता. सभा झाल्या, अग्रलेख लिहिले गेले. ज्या मुलींच्या शरीराबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. पुढे बालविवाह कमी झाले, मखर गेलं आणि त्या जागी कुजबुज आली. दोन्ही काळांत मुलगी अडाणीच राहिली.

म्हणून माझी भाची दहा वर्षांची झाली, तेव्हा एका रविवारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिली पाळी साधारणपणे दहा ते पंधरा या वयात येते. त्याआधी शरीर सूचना देतं. छातीची वाढ सुरू झाल्यावर दोनेक वर्षांनी पाळी येते, आणि काही महिने आधीपासून कपड्यांवर पांढरं जाऊ लागतं. शाळेतलं याविषयीचं व्याख्यान बहुतेक वेळा सातवी-आठवीत होतं, काही मुलींना तोवर उशीर झालेला असतो.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि गर्भ राहिला नाही की सुटून बाहेर येतं, हे तिला चित्र काढून सांगितलं. तिची भीती वेगळीच होती. "मावशी, एवढं रक्त गेल्यावर माणूस मरत नाही?" मी खोकल्याच्या औषधाचं 10 मिलिलिटरचं टोपण घेतलं. कोकमाचं सरबत चार टोपणं मोजून वाटीत ओतायला लावलं. वाटीचा तळ जेमतेम झाकला. "सगळ्या दिवसांचं मिळून साधारण एवढंच असतं," मी म्हटलं. तिने वाटी तिरकी करून पाहिली. "एवढंच?" तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. मग तिने स्वतःच पॅडचं पाकीट फोडलं, कागद सोलला, पॅड निकरवर चिकटवून पाहिलं, चुकलं, पुन्हा चिकटवलं.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण सांगाव्या लागतात. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं. कपडा वापरत असाल तर तो साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळवायचा, साडीखाली दडवून नाही. पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओटीपोटात दुखलं तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी, आणि "सहन कर" एवढंच म्हणून तिला गप्प बसवू नये. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावं.

अवघड प्रश्न तिने शेवटी विचारला. "मग मी गणपतीला हात लावायचा नाही का?" तिने आईला गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेताना पाहिलं होतं. आपण मुलीला कितीही विज्ञान शिकवलं, तरी ती शिकते ते त्या गोळ्यांवरून. पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं ठेवतात त्या गडचिरोलीतल्या कुर्माघरापासून शहरातल्या देवघराच्या उंबऱ्यापर्यंत विटाळ एकच आहे. सातशे वर्षांपूर्वी चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने अभंगातून विचारलं होतं की विटाळाशिवाय देह जन्मला तरी कुठे? जातीचा आणि बाईपणाचा, दोन्ही विटाळ सोसलेली बाई ती. मी भाचीला सांगितलं, "हात लाव. ज्या रक्तामुळे माणसं जन्माला येतात, त्याने देव बाटत नाही." तिची आई बाजूलाच होती. त्या वर्षी तिने गोळ्या आणल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. हे काम एकट्या आईचं नाही. पॅड काळ्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी येतं तोवर मुलगी लाजच शिकणार. शाळेत मुलींना माहिती द्यायची आणि मुलांना मैदानावर पाठवायचं, हे थांबलं पाहिजे. डागावरून हसणारा मुलगा आपल्याच घरात वाढतो, त्यालाही कुणी काही सांगितलेलं नसतं.

भाचीला पाळी आली ती पुढच्या वर्षी, शाळेत. तिने बाईंना सांगितलं, दप्तरातलं पॅड काढलं आणि घरी येऊन आधी बाबांना म्हणाली, "बाबा, माझी पाळी सुरू झाली." त्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "दुखतंय का गं?"

तुमच्या घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल, तर वाट पाहू नका. या रविवारी तिच्यासोबत बसा. आणि तिच्या भावालाही बसवा.