माघारीची जागा

शटरच्या बटणावर बसवायची एक छोटी चकती मिळते. धातूची, सुमारे सेंटिमीटरभर व्यासाची, वरून किंचित फुगीर किंवा खोलगट, आणि खाली आटे असलेली. छायाचित्रकार तिला सॉफ्ट रिलीज म्हणतात. लायकाचे एम मालिकेतले कॅमेरे, निकॉनचा एफएम२, फुजीफिल्मचा एक्स१०० अशा ज्या कॅमेऱ्यांच्या बटणात मधोमध आटे पाडलेलं भोक असतं, त्यांवर ती फिरवून बसवतात. ते भोक मुळात तिच्यासाठी केलेलं नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना, शटर बराच वेळ उघडं राहणार असताना, हाताचा धक्का लागू नये म्हणून लवचीक केबल जोडून दुरून बटण दाबता यावं, एवढ्यासाठी ते असतं. हात दूर ठेवण्याच्या त्याच जागी ही चकती हाताला परत आणून बसवते, आणि तिचाही हेतू धक्का टाळणं हाच असतो. बटण उंच आणि रुंद झालं की बोटाचं टोक वाकवून आत रोवावं लागत नाही. बोट आडवं ठेवून पहिल्या पेराच्या मऊ भागाने भार हळूहळू वाढवता येतो. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून वापरताना शटर १/५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, हा जुना ठोकताळा आहे. त्याखाली उतरून १/१५ सेकंदाला फोटो घेऊ पाहणारे ज्या गोष्टींवर भिस्त ठेवतात, त्यांत ही चकती एक आहे. एवढ्याशा वस्तूवर तत्त्वचिंतन कशाला, असं कुणाला वाटेल. पण इच्छा आणि कृती यांच्यामधलं अंतर माणसाने हातात घेऊन, त्याची लांबी-रुंदी बदलून पाहिली आहे अशा जागा फार थोड्या आहेत, आणि ही त्यांपैकी एक आहे. कृती सोपी झाली की ती करणाऱ्याची कमी होते का, हा प्रश्न इथे अगदी बोटाच्या पेराशी येऊन उभा राहतो.

या प्रश्नाकडे आपल्याकडे फार पूर्वी बारकाईने पाहिलं गेलं आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात उखळ-मुसळाची चर्चा आहे. हात वर उचलला जातो तो आत्म्याच्या प्रयत्नामुळे, आणि मुसळ वर जातं ते हाताशी असलेल्या संयोगामुळे. पण मुसळ उखळात आपटून उसळतं, तेव्हाची त्याची गती आघातातून आलेली असते. हात त्या वेळीही मुसळाला धरून असतो, त्याच्याबरोबर वर ओढलाही जातो. तरी ती हालचाल प्रयत्नाची नाही, म्हणून हाताचा स्पर्श तिचं कारण ठरत नाही. पुढे बाणाचंही असंच विश्लेषण येतं: पहिली गती प्रेरणेची, नंतरची वेगाच्या संस्काराची. यातून हाती लागणारं सूत्र असं की स्पर्श आणि कर्तृत्व एकरूप नाहीत, आणि श्रम आणि कर्तृत्वही नाहीत. यांत्रिक कॅमेऱ्याची रचना हेच सांगते. फिल्म पुढे सरकवणारी कळ ओढली की शटरच्या स्प्रिंगमध्ये ताण साठतो. बटण दाबणारं बोट त्या ताणात काडीचीही भर घालत नाही, फक्त खिटी सोडतं. मग बटण कडक असलं काय आणि मऊ असलं काय, शटर तेवढ्याच जोराने धावणार. बोटाला पडणारे कष्ट म्हणजे खिटीचं घर्षण. ते कमी केल्याने फोटो घेणाऱ्याचं त्या कृतीतलं स्थान कमी होत नाही, कारण ते स्थान त्या कष्टात कधी नव्हतंच.

मग ते कुठे आहे? १९८३ साली मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. सहभागी व्यक्तींनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका पाहून, हलवण्याची इच्छा नेमकी केव्हा जाणवली ते सांगायचं, असा तो प्रयोग होता. मेंदूतली पूर्वतयारीची विद्युत हालचाल कृतीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होती, तर इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. यावरून स्वतंत्र इच्छा हा भ्रम आहे असा निष्कर्ष अनेकांनी काढला. स्वतः लिबेट यांनी तो काढला नाही. जाणीव झाल्यानंतर उरलेल्या अवधीत कृती रोखता येते, आणि माणसाचं स्वातंत्र्य त्या रोखण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रयोगावर आक्षेप आहेत. २०१२ मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती पूर्वतयारी म्हणजे मेंदूने आधीच घेतलेला निर्णय असेलच असं नाही. मेंदूतल्या सततच्या चढउतारांचा तो परिणाम असू शकतो. हा आक्षेप मला पटतो. पण त्याने आधीच्या अर्ध्याला धक्का बसतो, नंतरच्या अर्ध्याला बसत नाही. सुरू झालेली कृती एका मर्यादेपर्यंत परत घेता येते, हे कुठल्याच बाजूने नाकारलेलं नाही. बटणावर भार वाढवत नेणारं बोट प्रत्येक क्षणी थांबू शकतं. समोरच्या माणसाचा चेहरा पडला, मूल रडू लागलं, तर ते उचलता येतं. कर्तेपण या माघारीच्या शक्यतेत आहे, असा माझा दावा आहे. म्हणून कोणत्याही साधनाला विचारायचा प्रश्न एकच: माघारीची जागा ते राखतं की खातं?

या कसोटीवर एकच चकती दोन कॅमेऱ्यांवर दोन वेगळ्या गोष्टी ठरते, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लायकाच्या यांत्रिक एम कॅमेऱ्यांत बटणाचा प्रवास लांब असतो. आधी थोडं सैल अंतर, मग जाणवणारा विरोध, मग सुटका. १९८४ पासूनच्या एम६मध्ये वाटेत प्रकाशमापकही जागा होतो. अशा बटणावर चकती बसवली की बोटाला तो चढ अधिक नीट कळतो, आणि कुठवर आलो आहोत हे कळणं हेच माघार घेता येण्याचं पहिलं अंग आहे. एक्स१००सारख्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात मात्र बटण अर्धं दाबलं की फोकस आणि प्रकाश पक्का होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. हा प्रवास मुळातच आखूड आहे. त्यावर उंच, फुगीर चकती चढवली तर अर्धं आणि पूर्ण यांच्यातला उंबरठा बोटाला पुसट होऊ शकतो, आणि विचार चालू असतानाच फोटो निघून जातो. इथे खोलगट, बुटकी चकती बरी, किंवा काहीच नको. मऊपणा चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न त्यामुळे विचारताच येत नाही.

एक आक्षेप अगदी उलट दिशेने येतो, आणि तो वजनदार आहे. ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञ १९२४ ते १९२९ या काळात जपानमधल्या सेंदाई इथे शिकवत होते, आणि तिथे आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकले. ही विद्या झेनची साधना म्हणून मांडणाऱ्या, १९४८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की बाण सोडायचा नसतो, तो सुटला पाहिजे; नेम धरणारा ‘मी’ जेवढा उरतो तेवढा नेम चुकतो. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना हे पुस्तक चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी दिलं होतं आणि त्याचा प्रभाव ते मोकळेपणाने मान्य करत. या दृष्टीने पाहिलं तर सॉफ्ट रिलीजचा मोठेपणा माघारीच्या जागेत नाहीच. दाबणारा विरून जावा आणि फोटो आपसूक घडावा, यात आहे. आवा यांचा झेनशी तसा संबंध नव्हता आणि हेरिगेल यांनी बरंच आपल्या मनातलं त्यात पाहिलं, हे अभ्यासक यामादा शोजी यांनी २००१ मध्ये साधार मांडलं आहे. पण तेवढ्याने अनुभव खोटा ठरत नाही. रायफलचे नेमबाजही चाप असा सावकाश ओढायला शिकतात की बार नेमका कधी उडेल ते त्यांनाच कळू नये. तो क्षण माहीत असला की शरीर आधीच दचकतं. फक्त हेच नेमबाज नेम हलताच चाप ओढणं थांबवायलाही शिकतात, याकडे लक्ष द्यावं. सुटण्याचा क्षण अनपेक्षित असतो, पण त्या क्षणापर्यंतचा भार रोज घटवलेल्या, जाग्या लक्षाखाली वाढत असतो. अहंकार गळतो तो क्षणाबद्दलच्या हट्टाचा. लक्ष गळालं असतं तर ती साधना न राहता अपघात झाला असता.

नैतिक बाजूने येणारी शंका जास्त ओळखीची आहे. फोटो घेणं जितकं सोपं, तितका माणूस बेपर्वा. स्मशानात, रुग्णालयात, रस्त्यावर झोपलेल्यांवर कॅमेरा रोखताना थोडी अडचण असलेली बरी. यामागची कळकळ खरी आहे. पण कडक बटण कुणाला अडवतं? ते संकोच असलेल्याला आणि नसलेल्याला सारखंच जड जातं. निर्लज्ज माणूस जोर लावून दाबतो, त्याचा फोटो फार तर हलतो. जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, केंद्रस्थानी ठेवतं. ती दिशा मला इथे अधिक नेमकी वाटते. पिशवीत चकती कशाला तरी दाबली जाऊन अंधाराचे फोटो निघतात. कणादांच्या हिशेबाने ते प्रयत्नाचं कर्म नव्हे. पण चकती काढून ठेवली नाही, बटणाला कुलूप लावलं नाही, हे दुर्लक्ष मात्र ज्याचं त्याचंच. घर्षणाकडे सावधपणाचं काम सोपवलं की माणूस तेवढ्यापुरता मोकळा होतो, आणि मला भीती त्या मोकळेपणाची वाटते.

आता कॅमेरे आणखी पुढे गेले आहेत. ऑलिंपसने २०१६ साली ई-एम१ मार्क टूमध्ये अशी सोय दिली की बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा चित्रं तात्पुरती साठवत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्या आधीची १४ चित्रंही जपून ठेवतो. पक्षी उडाल्यावर दाबलं तरी उडण्याआधीचा पक्षी मिळतो. इथे दाबण्याच्या क्षणाला काय अर्थ उरला, असं विचारलं जातं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतलं एक, साधन हे दुसरं, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तिथे नीट दिसत नाही असं म्हटलं आहे. साधनाचा वाटा वाढला म्हणून कर्त्याचा पुसला जात नाही. तो जागा बदलतो. या कॅमेऱ्यात तो अर्धं बटण धरून ठेवण्यात आणि नंतर चौदांतून कोणतं ठेवायचं, कोणतं पुसायचं, यात गेला आहे. त्यातला पहिला भाग अजूनही बोटाकडेच आहे, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवावा लागतो. तिथे चकती कशी असावी, पहिल्या उंबरठ्यावर बोट स्थिर टेकवणारी की दुसऱ्याकडे लवकर घसरवणारी, हे बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी नव्याने ठरवायला हवं.