सेवा म्हणायची, मग पगाराचं काय?

विल्हेल्म राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले, पेटंट मात्र घेतलं नाही. 1901च्या नोबेलची रक्कमही विद्यापीठाला दिली. पण तो पगारी प्राध्यापक होता!

एक्स-रे टेक्निशियनने पगारवाढ मागितली की त्याला निष्काम कर्म ऐकवतात. गीता कर्त्याला फळाची आसक्ती सोडायला सांगते. त्यातून मालकाला मजुरी बुडवायची मुभा कशी मिळते?

छातीवर टीएलडी बॅज लावलेला टेक्निशियन "श्वास रोखा" म्हणत शिशाच्या आडोशामागून बटण दाबतो. त्याच्या अंगावर पडलेली किरणांची मात्रा तो बॅज नोंदवतो. हॅम्बुर्गला 1936 साली उभारलेल्या स्मारकावर या किरणांना बळी पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत.

2021च्या कायद्याने या पेशासह इतर संलग्न आरोग्य पेशांसाठी राष्ट्रीय आयोग आला. आता सीटी, एमआरआय शिकलेल्या टेक्निशियनला बढती आणि कायम नोकरी मिळायलाच हवी.