खेळातला दुश्मन

सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला, त्याला आता काही महिने होऊन गेले. शाळा सुटली होती. मी हजेरीपट कपाटात ठेवत होतो. दप्तर पाठीला लावून तो दारातच घुटमळला आणि म्हणाला, "सर, गेम में मारा तो गुनाह लगता क्या?"

मी "उद्या सांगतो" म्हटलं. शिक्षक जेव्हा उत्तर उद्यावर ढकलतो, तेव्हा एक तर त्याला ते येत नसतं, नाही तर ते देण्याचा त्याला हक्क नसतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं. मी आलिम नाही. बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारा साधा मुदर्रिस आहे. आणि मी स्वतः गेमचा शौकीन आहे. राहतो पेणला, नोकरी रोह्याला. जाणं-येणं कधी एसटीने, कधी दिवा-रोहा गाडीने. कासू मागे पडतं, नागोठणं येतं, तरी माझी मान मोबाईलवरून वर होत नाही. कार्टून चित्रपट फक्त लहान मुलांसाठी असतात, हेही मला या वयात पटलेलं नाही. तेव्हा हा लेख म्हणजे फतवा नव्हे. एका शौकिनाने स्वतःचीच घेतलेली ही झडती आहे.

आपल्या समाजात गेम आणि कार्टूनचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. एक, वेळ वाया जातो. दुसरा, तस्वीर. पालकसभेत त्यात तिसऱ्याची भर पडते, मुलं मारकुटी होतात. 2019 साली गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळणाऱ्या तरुणांना अटक केली होती. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने पब्जी मोबाईलसह 118 अ‍ॅपवर बंदी घातली. त्या बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, हिंसेचं नव्हतं. पण आमच्या मोहल्ल्यातल्या आयांना त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. 2021 मध्ये तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला आणि आया पुन्हा काळजीत पडल्या.

हे आक्षेप खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाचा प्रश्न त्यांच्यापेक्षा खोल होता. पडद्यावर कुणाचं रक्त सांडत नाही, कुणाचं घर उजाड होत नाही. मग गुनाह कसला? इथपर्यंत उत्तर सोपं आहे. परंतु बुखारी शरीफची सुरुवातच नीयतविषयीच्या हदीसने होते, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हाताने काय केलं याच्याआधी मनात काय होतं, हे विचारणारा आपला दीन आहे. म्हणजे गोळी खोटी असली तरी नीयतचा प्रश्न शिल्लक राहतोच. बटण दाबताना माझ्या मनात समोरचा कोण असतो?

मला आठवतो तो पेणचा एक सायबर कॅफे. साल 2006. मी अकरावीत होतो. कॉलेज सुटल्यावर आम्ही पाच-सहा मित्र वर्गणी काढून तासभर काउंटर-स्ट्राइक खेळायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यात दोन बाजू असतात. एक दहशतवाद्यांची, दुसरी त्यांचा बंदोबस्त करणाऱ्यांची. खेळणाऱ्याने सुरुवातीला आपली बाजू निवडायची. त्यातला सगळ्यांच्या आवडीचा नकाशा वाळूच्या रंगाच्या, अरबस्तानात शोभेल अशा एका शहराचा होता. त्या वर्षी 11 जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. आमच्या भागातली कितीतरी माणसं रोज मुंबईला कामाला जाणारी. सगळे हादरलेले होते, आम्हीसुद्धा. काही दिवसांनी आम्ही पुन्हा कॅफेत गेलो. बाजू निवडताना एक मित्र सहज म्हणाला, "तू तिकडून खेळ रे, तुला जमेल." सगळे हसले. मीही हसलो.

तो मित्र वाईट नव्हता. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला यायचा, आजही येतो. त्याला ते वाक्य आठवतही नसेल. मला आठवतं, कारण त्या दिवसानंतर कॅफेत शिरल्याबरोबर मी धावत जाऊन पोलिसांची बाजू पकडू लागलो. कुणी काही बोलायच्या आत. खेळायला आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला आधी आपली बेगुनाही सिद्ध करावीशी वाटावी, याला काय म्हणायचं?

इथपर्यंत मी मजलूम आहे. पण झडती अर्ध्यावर सोडता येत नाही.

2009 मध्ये कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2 हा गेम आला. थोड्या उशिराने तो आमच्या हाती लागला. त्यात कराची नावाचा एक नकाशा आहे. एका मित्राच्या कॉम्प्युटरवर मी तिथे किती तास गोळ्या झाडल्या असतील याचा हिशेब नाही. बऱ्याच दिवसांनी माझं लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे गेलं. त्या उर्दूत नव्हत्या, अरबीत होत्या. ज्यांनी ते शहर उभं केलं, त्यांना कराचीत कुठली भाषा चालते एवढंही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला संताप आला. नंतर लाज वाटली. त्यांचं सोडा, मला तरी ते किती दिवसांनी दिसलं? माझी रोजीरोटी उर्दूवर चालणार होती. माझ्या नानीची सख्खी बहीण फाळणीनंतर कराचीत राहिली, कोकणातली कितीतरी कुटुंबं तशी तिथे आहेत. नानी तिच्या पत्रांची वाट पाहत म्हातारी झाली. आणि तिचा नातू त्या शहराच्या गल्ल्यांमधून बंदूक घेऊन धावत होता आणि पाट्या वाचत नव्हता. त्याला फक्त कोपऱ्यावरून कोण येतंय तेवढंच दिसत होतं.

कुणी म्हणेल, खेळात दुश्मन लागतोच, प्रत्येकाला नावगाव कुठून द्यायचं? रास्त आहे. शतरंजमध्ये प्यादं मारताना कुणी त्याच्या आईचा विचार करत नाही. शतरंज मुसलमानांच्या हाती आली तेव्हा त्यांनी तर हत्ती-घोड्यांचे आकारही काढून टाकले आणि साध्या घडीव सोंगट्या केल्या. पण शतरंजमध्ये दोन्हीकडची प्यादी सारखीच असतात. फरक फक्त रंगाचा. आणि पुढच्या डावात आपण रंग बदलतो. काळं प्यादं कुणाचाच जन्माचा वैरी होत नाही. म्हणजे चेहरा नसणं हा दोष नव्हे.

मग दोष कुठे आहे? हे मला पुस्तकातून कळलं नाही, आमच्या पेणच्या रस्त्यांवर कळलं. पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पेण शहरात, हमरापूर-जोह्याकडे, जिकडे पाहाल तिकडे कारखाने. मी मूर्तिपूजक नाही, पण या कारखान्यांवरून जात-येत लहानाचा मोठा झालो. आधी पांढऱ्या मूर्ती रांगेने उभ्या असतात. त्यांना सोंड असते, हात असतात, पोट असतं. कारागीर त्यांना खुशाल आडव्या करतात, बखोटीला धरून हलवतात. मग रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. ते नाजूक काम, प्रत्येकाच्या हाती देत नाहीत. डोळे झाले की त्याच मूर्तीला हात लावण्याची रीत बदलते. ज्याची त्या मूर्तीवर श्रद्धा नाही, असा माझ्यासारखा माणूसही समोरून जाताना जरा सांभाळून जातो.

गेममधल्या दुश्मनाचं दुखणं मला तिथे सापडलं. त्याला खुणा दिलेल्या असतात, डोळे दिलेले नसतात. दाढी देतात, साफा देतात, तोंडात दोन अरबी शब्द देतात, म्हणजे तो कोण हे ओळखू यावं. पण तो कुणाकडे पाहतो, कुणाची वाट पाहतो, कशाला घाबरतो, हे देत नाहीत, म्हणजे मारताना हात थांबू नये. प्याद्याला खुणाही नाहीत आणि डोळेही नाहीत, म्हणून ते निर्दोष आहे. खुणा खऱ्या माणसांच्या आणि डोळे मात्र पुसलेले, ही खरी बेइमानी आहे.

तस्वीरच्या वादाकडेही मी आता असाच पाहतो. 1976 चा 'द मेसेज' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 2002 चा 'मुहम्मद: द लास्ट प्रॉफेट' हा कार्टून चित्रपटही काहींच्या घरी मुलांनी पाहिला असेल. दोन्हींत हजरत पैगंबर (सल्ल.) कुठेही दाखवलेले नाहीत. कॅमेरा त्यांच्या जागी उभा राहतो आणि समोरची माणसं त्या दिशेने बोलतात. अशा चित्रपटांविषयी उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी पडत नाही. पण चेहरा न दाखवताही किती अदब राखता येतो, हे तिथे दिसतं. म्हणजे चेहरा दोन कारणांनी झाकला जातो. एक आदरापोटी, एक तुच्छतेपोटी. पहिल्यात पाहणाऱ्याची मान झुकते, दुसऱ्यात त्याची बंदूक वर होते. आपण तस्वीर आहे की नाही एवढंच विचारत बसतो. ती का आहे आणि का नाही, हे विचारत नाही.

आणि डोळे दिले की काय होतं, तेही सांगतो. 1988 साली जपानच्या इसाओ ताकाहाता यांनी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा कार्टून चित्रपट काढला. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावर विमानांतून आग बरसते. आई गेलेला चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको कसेबसे जगू पाहतात, एवढीच गोष्ट. माझ्या मते युद्धावर याहून चांगला चित्रपट नाही. विमानातून पाहणाऱ्याला खाली फक्त शत्रूचं शहर दिसलं असेल. हा चित्रपट आपल्याला जमिनीवर बसवतो. तो पाहिल्यावर गेममध्ये वरून बॉम्ब टाकायची वेळ आली की माझा अंगठा जरा जड होतो. तेवढंच. पण तेवढं तरी होतं.

आता पुन्हा त्या मुलाकडे. त्याने प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभा होतो. मैदानात पोरांचा तोच खेळ चालला होता, फूटपट्ट्यांच्या बंदुका करून. वर्गातल्या सगळ्यात किडकिडीत मुलाला दहशतवादी केलं होतं. तोही मुकाट तयार झाला. त्याने खिशातली नमाजची टोपी काढून डोक्यावर घातली, रुमाल खांद्यावर टाकला आणि हात वर करून अरबीसारखं काहीतरी ओरडू लागला. जे पोलीस झाले होते, त्यांतल्या दोघांच्या डोक्यावर टोप्या होत्या. त्यांनी त्या काढून खिशात घातल्या. प्रश्न विचारणारा मुलगा त्या दोघांतला एक होता.

उर्दू शाळा. सगळी मुलं मुसलमानांची. तिथे त्यांना हे कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. पण सतरा वर्षांचा असताना पोलिसांच्या बाजूला धावत जाणारा मुलगा मला त्या दोघांत स्पष्ट दिसला.

त्या दिवशी शेवटच्या तासाला मी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना एका जुन्या गेमची गोष्ट सांगितली. प्रिन्स ऑफ पर्शिया, साल 1989. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो एकट्याच्या मेहनतीने बनवला. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून चित्रं काढली. त्या गेममध्ये राजपुत्र एका आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली आरशातून सुटून निघून जाते. ती पुढे त्याला त्रास देत राहते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही तिच्यावर वार केला की तुमचीही जान कमी होते. मारत राहिलात तर दोघेही मरता. मग वाट कशी काढायची? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. ती तुमच्यात मिसळून जाते.

कॉम्प्युटर क्लासमध्ये हा गेम खेळताना मी तिथे कितीदा मेलो असेन. तलवार म्यान करता येते, हे डोक्यातच येत नव्हतं.

गोष्ट संपल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, "गुनाह लागतो की नाही ते हाफिजजींना विचार. माझं सांगणं इतकंच, की गोळी मारण्याआधी समोरच्याला कुणाची टोपी घातली आहे ते बघ." तो काही बोलला नाही. त्याला किती कळलं, सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मैदानात खेळ चालूच होता. फक्त आता छापा-काटा करून बाजू ठरत होत्या आणि प्रत्येक डावाला बदलत होत्या. किडकिडीत मुलगा पोलीस झाला होता आणि मागचे सगळे हिशेब वसूल करत होता. म्हणजे माझ्या नसीहतीने जग सुधारलं, असं काही झालेलं नाही. मीही गेम सोडलेला नाही. रोह्याच्या गाडीत अजून माझी मान खालीच असते. पण अधूनमधून मी थांबतो आणि दुकानांच्या पाट्या वाचतो. त्या नादात कितीदा माझाच डाव संपतो. तो नुकसानीत धरायचा की कमाईत, हे अजून ठरवलेलं नाही.