सोपवून जाणे आणि टाकून जाणे

गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात भगवंतांनी समदर्शी पुरुषाचे लक्षण सांगितले आहे. तेथे विद्वान व विनयी ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला आपल्या पंक्तीबाहेर ठेवले असा मनुष्य, अशी पाच नावे एकत्र आली आहेत. या श्लोकावर प्रवचने पुष्कळ होतात. परंतु समदृष्टी ही केवळ ध्यानाच्या आसनावर सिद्ध व्हावयाची वस्तू नव्हे. तिची परीक्षा व्यवहारात होते, आणि तीही बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारात होते. असाच एक व्यवहार आज विचारार्थ घेत आहोत. सुटी लागली, घरातील मंडळी परगावी किंवा तीर्थयात्रेला निघाली, सामान बांधून झाले. आणि दाराशी पाळलेला कुत्रा उभा आहे. त्याचे काय करावयाचे?

कोणी म्हणेल, हा का तत्त्वविचाराचा विषय? एखाद्या गड्याला चार पैसे द्यावेत, भाकरी टाकावयास सांगावे आणि गाडी पकडावी. पण थोडे थांबून पाहिले तर ध्यानात येईल की, आपल्यावर सर्वस्वी विसंबून असलेल्या जीवाशी आपले नाते काय, हाच प्रश्न येथे आपल्या नग्न स्वरूपात उभा आहे.

या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे की, येथे शब्दाचा काहीही उपयोग नाही. लहान मुलाला आजोळी ठेवताना “आठ दिवसांनी येतो” असे सांगता येते. ते रडले तरी त्या शब्दाला धरून राहते. वृद्ध आईबापांना पत्र पाठविता येते. कुत्र्याला मात्र चौदा दिवसांचा हिशेब समजावून सांगण्याचा मार्गच नाही. धनी बाहेर गेला, एवढेच त्याला कळते. तो परत येणार आहे हे त्याला कोणी सांगू शकत नाही. जपानातील हाचिको नावाच्या कुत्र्याची हकीकत जगप्रसिद्ध आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकावर तो आपल्या धन्याला आणावयास जात असे. धनी प्राध्यापक उएनो हे १९२५ साली अकस्मात निवर्तले. त्यानंतर १९३५ साली स्वतःचा अंत होईपर्यंत तो कुत्रा त्या स्थानकावर जात राहिला. मधल्या काळात त्याला अन्न देणारे, माया करणारे लोक होते. नव्हती ती एकच गोष्ट: धनी येणार नाही हे त्याला कळण्याची सोय. आपण आठ दिवसांसाठी घर सोडतो तेव्हा लहान प्रमाणात हीच स्थिती आपल्या कुत्र्याची असते. आपल्या दृष्टीने ती सहल असते. त्याच्या दृष्टीने तो वियोग असतो, आणि त्या वियोगाला त्याच्यापुरती अखेर दिसत नसते.

महाभारताकडे वळल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. या महाग्रंथाच्या आरंभी कुत्रा आहे आणि अखेरीसही कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, त्याला जीभही लावली नव्हती. मग त्याला का मारले, असे सरमा विचारते. कोणी उत्तर देत नाही. निरपराध्याला ताडन केल्याबद्दल ती शाप देते, आणि राजा चिंतेत पडतो. एका पिल्लाच्या अपराधाचा हिशेब राजाला द्यावा लागतो, तेथून ही कथा पुढे सरकते.

अखेरीस महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुरापासून मागे लागलेला कुत्रा युधिष्ठिराबरोबर उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून दे म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. तेव्हा इंद्र त्याला मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारतो: भावांना आणि द्रौपदीला तू सोडलेसच ना, मग या कुत्र्याचा मोह कसला? त्यावर युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा की, ते मृत झाले होते, त्यांना उठविणे माझ्या हाती नव्हते; ते जिवंत असता मी त्यांना सोडले नाही. येथे धर्मराजाने त्यागाची मर्यादाच आखून दिली आहे. ज्याच्यासाठी अजून काही करता येण्यासारखे आहे, जो आपल्या आश्रयाला आहे आणि ज्याची भक्ती आपल्यावर आहे, त्याला सोडणे हा दोष होय. पुढे तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म होता असे कळते. पण उत्तर देताना युधिष्ठिराला हे ठाऊक नव्हते, हे विसरता कामा नये. त्याच्यासमोर होता तो केवळ एक कुत्रा. समोर देव आहे हे कळल्यावर कोणीही थांबेल.

मग काय, कुत्रा पाळणाऱ्याने घर सोडूच नये? यात्रा, लग्नकार्य, आप्तांची भेट, श्रमानंतरची विश्रांती, सर्व वर्ज्य करावे? असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. युधिष्ठिर न परतण्याच्या वाटेवर होता. आपण परतणार असतो. त्याच्या मागे कुत्र्याला सांभाळणारा कोणी नव्हता. आपल्या मागे तो नेमता येतो. येथेच ‘टाकून जाणे’ आणि ‘सोपवून जाणे’ हा भेद उत्पन्न होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दार लागते, पावले दूर जातात, कुत्रा मागे राहतो. भेद आहे तो दार लागण्यापूर्वी काय केले यात.

आपल्या स्मृतिकारांनी निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, हे व्यवहाराचे एक स्वतंत्र पद मानले. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ त्याचे स्थान आहे. ठेव ठेवणारा आणि ठेव सांभाळणारा या दोघांनाही धर्माने बांधले आहे. सांभाळणाऱ्याच्या धर्माचा आदर्श कालिदासाने रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीपाच्या रूपाने उभा केला. वसिष्ठांची नंदिनी राजाकडे राखणीस होती. ती उभी राहिली की तो उभा राही, ती बसली की तो बसे. आणि सिंहाने तिला धरले तेव्हा गुरूची ठेव वाचविण्यासाठी त्याने स्वतःचा देह पुढे केला. शेजारच्या मुलाने आपल्या कुत्र्यासाठी सिंहापुढे जावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु दुसऱ्याचा जीव हाती घेणे म्हणजे काय, हे त्या कथेवरून कळते. आणि ठेवणाऱ्याचा धर्म याहून हलका नाही. सोन्याची ठेव मोहोरबंद करून देता येते. जिवंत ठेवीला रोज भूक लागते, तहान लागते, भय वाटते. म्हणून ती देताना तिचे ज्ञानही द्यावे लागते.

हे ज्ञान देणे म्हणजेच सोपविणे. कुत्रा कोणत्या वेळी काय खातो, कोणत्या आवाजाला भितो, कोणते औषध चालू आहे, हे सांभाळणाऱ्याला सांगितले पाहिजे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही त्याला विषवत् आहेत, हे अनेकांना माहीत नसते. ते लाडाने देतात आणि कुत्रा आजारी पडतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही; धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. म्हणून वैशाखातील बंद खोली किंवा उन्हातील गच्ची त्याच्या जिवावर बेतू शकते. दिवाळीच्या सुटीत फटाक्यांच्या आवाजाने पुष्कळ कुत्री साखळी तोडून पळतात आणि हरवतात. आजारपण उद्भवले तर कोणत्या पशुवैद्याकडे न्यावे, खर्चाची मर्यादा काय आणि निर्णय कोणी घ्यावा, हेही आधीच ठरलेले असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांभाळणारा मनुष्य किंवा ती जागा कुत्र्याला आधी परिचित करून द्यावी. निघण्यापूर्वी दोन-चार वेळा त्याला तेथे न्यावे, एखादी रात्र ठेवून परत आणावे. आपला वियोग शब्दाने समजावता येत नाही. पण गेलेला धनी परत येतो, हे एकदा अनुभवाने शिकविता येते. शब्द नसलेल्याशी वचन बोलावयाची रीत ही एवढीच आहे.

सोपविण्याची दुसरी बाजू सांभाळणाऱ्याच्या संबंधात आहे, आणि तिचा विसर अधिक पडतो. घरी काम करणारी बाई किंवा इमारतीचा पहारेकरी यांना “जरा कुत्र्याकडे बघा” असे जाता जाता सांगितले जाते. त्यांना नाही म्हणता येत नाही. मोबदल्याचा विषय निघत नाही. कुत्रा चावरा असल्यास ते सांगण्याचे टाळले जाते, कारण सांगितले तर ते नकार देतील. कुत्र्यावर दया आणि माणसावर अन्याय असा हा प्रकार होतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून कुत्र्याला वेळच्या वेळी लस दिलेली असणे हे सांभाळणाऱ्याचे ऋण आहे, उपकार नव्हे. ज्याला सांभाळावयास दिले तो आणि ज्याच्याकडे दिले तो, दोघांचेही हित पाहील त्याचीच दृष्टी सम म्हणावी.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप शास्त्राचाच आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरताची कथा आहे. पाण्यात पडलेले हरणाचे पाडस त्याने वाचविले, त्याच्या मायेत तो गुंतला, अंतकाळी त्याचेच चिंतन राहिले आणि त्याला हरणाचा जन्म आला. मग पशूची एवढी काळजी म्हणजे बंधन नव्हे काय? समाधान असे की, भरताचा दोष पाडस वाचविण्यात नव्हता. त्याच्यासाठी आपला नित्यधर्म सोडण्यात होता. आसक्ती म्हणते, “ह्याच्यावाचून मला करमणार नाही.” कर्तव्य म्हणते, “माझ्यावाचून ह्याचे हाल होऊ नयेत.” पहिल्यात केंद्र आपण स्वतः असतो, दुसऱ्यात तो जीव असतो. नीट सोपवून गेलेला मनुष्य प्रवासात निश्चिंत राहतो. टाकून गेलेला एकतर विसरतो किंवा तळमळतो. म्हणजे व्यवस्था हाच अनासक्तीचा मार्ग होय. उलट, कुत्र्याचे निमित्त सांगून वर्षानुवर्षे गावी वृद्ध आईबापांना न भेटणारा मनुष्य भरताच्याच वाटेवर आहे.

दुसरा आक्षेप: माणसे उपाशी असता कुत्र्याची एवढी चिंता का? भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. तो कुत्रा परका होता. तरी नामदेवांनी माणूस की कुत्रा असा हिशेब मांडला नाही. आपला कुत्रा तर आपण होऊन घरात आणलेला आहे. जगातील सर्व दुःख निवारण्याचे दायित्व आपल्यावर नसेल, पण जे दुःख केवळ आपल्या जाण्याने उत्पन्न होणार आहे त्याचे दायित्व दुसऱ्या कोणाचे असणार?

तिसरा आक्षेप आधुनिक आहे: कुत्री दिवसाच्या हिशेबाने ठेवून घेणाऱ्या जागा आता शहरोशहरी आहेत, पैसे भरले की कर्तव्य संपले. पैशाने श्रम विकत घेता येतात, दायित्व विकत देता येत नाही. ती जागा स्वतः जाऊन पाहिली काय? कुत्र्याला दिवसातून किती वेळ मोकळे सोडतात, रात्री तेथे कोण असते, लसीचे दाखले मागतात की नाही, हे विचारले काय? जेथे दाखला न पाहता कोणताही कुत्रा घेतात, तेथे आपलाही सुरक्षित नाही. न पाहता भरलेले पैसे हे पुष्कळदा केवळ मनाची टोचणी शमविण्याचे मूल्य असते.

राज्याच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चालविलेल्या प्रयत्नांतून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आला. त्याचे तिसरे कलम प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकावर त्याच्या हिताचे कर्तव्य ठेवते. अकरावे कलम पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे, कुत्र्याला सदैव साखळीला ठेवून फिरविण्यास न नेणे, आणि उपासमार होईल अशा स्थितीत सकारण नसता प्राण्याला सोडून देणे, हे अपराध ठरविते. प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही झाले. परंतु मूळ कायद्यात पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. एवढ्या दंडाच्या भयाने कोणाचे वर्तन सुधारावयाचे नाही. बंद दाराआड जे घडते त्याला साक्षीदार नसतो, आणि ज्याने भोगले तो परतलेल्या धन्याकडे तक्रार करीत नाही. उलट शेपटी हलवून अंगावर झेप घेतो.

या झेपेचा अर्थ नीट समजून घ्यावा. उपाशी ठेवलेला कुत्राही तशीच झेप घेतो आणि उत्तम सांभाळलेलाही तशीच घेतो. तो क्षमा करतो म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. जर्मनीत बॉन नगरानजीक ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष व एक स्त्री यांच्याबरोबर एक लहान वयाचा कुत्रा पुरलेला होता. त्याच्या दातांवरील खुणांवरून तो आजारी होता, आणि माणसांनी शुश्रूषा केल्यामुळेच काही काळ जगला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ना ग्रंथ, ना कायदा, अशा काळातील त्या माणसांना आजारी कुत्र्याचा काय उपयोग होता? तरी त्यांनी त्याला टाकले नाही.

म्हणून यंदाच्या सुटीत तिकिटे काढण्यापूर्वी, मागे राहणाऱ्याची व्यवस्था प्रथम करावी. व्यवस्था मनाजोगी होत नसेल तर त्याला बरोबर न्यावे, दिवस कमी करावेत, किंवा घरातील मंडळींनी पाळीपाळीने जावे. तीर्थाला निघालेल्यांनी तर हे विशेष मनात धरावे. आश्रिताला साखळीला बांधून जो देवदर्शनास निघाला, त्याची यात्रा उंबरठ्यावरच खंडित झाली. आणि ज्याने त्याला नीट सोपविले, त्याची यात्रा त्याच उंबरठ्यापासून सुरू झाली असे समजावे.