परवडणारी शिकार

मामा मेळघाटात वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. भाची सिएटलला राहते, तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर गाइड न घेता, कमी खर्चात सिटका हरणाची शिकार करायचा तिचा बेत आहे. त्यावर दोघांचं झालेलं हे बोलणं.

भाची : मामा, प्रिन्स ऑफ वेल्स बेट ठरवलंय. बेलिंगहॅमहून गाडीसकट सरकारी फेरीबोटीने केचिकन, तिथून तीनेक तासांच्या दुसऱ्या फेरीबोटीने हॉलिस. बेटावर लाकूडतोडीचे जुने रस्ते खूप आहेत. गाडीत झोपेन, नाहीतर वनखात्याची केबिन भाड्याने मिळते. परवाना १६० डॉलर, एका हरणाच्या परवानगीचा टॅग ३०० डॉलर. अमेरिकन नागरिकाला तिथे हरणासाठी गाइडची सक्ती नाही, तोही खर्च वाचला.

मामा : मागे तू कोडियाक बेट म्हणत होतीस.

भाची : तिथे बहुतेक ठिकाणी समुद्रविमान करावं लागतं. ते खाडीत उतरवून जातं आणि ठरल्या दिवशी न्यायला येतं. सगळ्यात मोठा खर्च तोच. शिवाय त्या बेटांवर साडेतीन हजारांच्या आसपास तपकिरी अस्वलं आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सवर फक्त काळी.

मामा : हरीण मारायचंच कशाला, हे विचारू ना?

भाची : विचारा. मी मांस खाते. मारणारा कुणी दुसराच असतो, माझ्यापर्यंत फक्त पाकीट पोचतं. एकदा ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मी स्वतः करावं, असं वाटतं.

मामा : पटण्यासारखं आहे. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद होत गेली, आणि ते योग्यच झालं. जंगलात उरलंच किती होतं! पण तो कायदा आमच्या जंगलांची दशा पाहून झाला. तुझ्या हरणाला मी तो लावणार नाही. मला दुसरंच विचारायचंय. त्या बेटावर राहतं कोण?

भाची : ट्लिंगिट आणि हैदा लोक. क्रेग, क्लावॉक, हायडाबर्ग अशी गावं आहेत. नंतर आलेले इतरही आहेत.

मामा : आणि ते लोक खातात काय?

भाची : मासे आणि हरीण. दुकानातलं मांस बाहेरून येतं, महाग पडतं. १९८० च्या कायद्याने फेडरल जमिनीवर पोटासाठी शिकार करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांचा हक्क आधी धरला आहे. या बेटावर तर बाहेरच्यांची मर्यादाही कमी ठेवली आहे. ती मी पाळणारच.

मामा : मर्यादा घालायची वेळ आली, म्हणजे तिथे ओढाताण आहे. ती कशामुळे, हे पाहिलंस?

भाची : जंगलतोडीमुळे. केचिकनला १९५४ मध्ये कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला आणि तो १९९७ पर्यंत चालला. त्याच्यासाठी जुनी झाडं सरसकट तोडली गेली. हिवाळ्यात मोठ्या झाडांचा माथा बर्फ अडवतो, म्हणून खाली हरणाला चारा मिळतो. तोडलेल्या जागी आधी झुडपं माजतात आणि काही वर्षं चंगळ असते. मग कोवळी झाडं इतकी दाट होतात की खाली ऊनच पोचत नाही. चारा संपतो, आणि ती अवस्था शंभर वर्षांहून जास्त टिकू शकते.

मामा : आणि तू ज्या रस्त्यांवरून स्वस्तात फिरणार आहेस?

भाची : ते त्याच तोडीचे.

इथे मला मध्ये बोलणं भाग आहे. प्रवासाच्या हिशोबात आपण तिकीट, परवाना, डिझेल मांडतो. जागा स्वस्त का झाली, आणि ती स्वस्त होताना कुणाच्या ताटातलं कमी झालं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. भाची कायदा मोडणार नव्हती, तरीही मामांचा प्रश्न रास्त होता.

भाची : मग कोडियाकला तरी काय वेगळं आहे? ओल्ड हार्बर, अखिओक या अलुटिक लोकांच्या गावांतही हरीण खातातच की.

मामा : खातात ना. म्हणून त्यांच्या गावांपासून लांबची खाडी निवडायची. पण तिथलं हरीण मुळात तिथलं नाही, असं तूच सांगितलं होतंस.

भाची : हो, १९२४ पासून थोडी थोडी आणून सोडलेली. तिथे त्यांची संख्या ठरवतो तो मुख्यतः हिवाळाच. कडक हिवाळ्यात खूप मरतात.

मामा : म्हणजे तुझ्या एका हरणाचा भार तिथे कमी पडतो. पण विमानाचे पैसे भरलेस की दुसरं भय सुरू होतं. शेवटच्या दिवशी, अंधार पडत असताना, लांब उतारावर नर दिसला. तू इतका खर्च केलेला. मग?

भाची : मोह होईल.

मामा : होणारच. पैसे वसूल करायचे म्हटलं की माणूस नको तेवढ्या लांबून गोळी घालतो. जनावर जखमी होऊन झाडीत जातं आणि तिथेच तळमळत मरतं. असं मेलेलं जनावर मी शोधलेलं आहे, म्हणून सांगतोय.

भाची : नोव्हेंबरात नर माजावर असतात, खाली उतरतात, म्हणून तोच काळ धरलाय. पण तेव्हा उजेड जेमतेम आठ तास. नर साधारण ५४ किलोचा. कायद्याने मान, बरगड्या, चारही पाय, पाठ, सगळीकडचं मांस बाहेर आणावंच लागतं, आणि मांस आणण्याआधी शिंगं आणता येत नाहीत. एकटीला दोन खेपा तरी होतील. मधल्या वेळात अस्वल आलं तर मांस त्याचं. नुसतं मांस वाचवायला अस्वल मारता येत नाही.

मामा : मग दुपारनंतर गोळी घालायचीच नाही, हा नियम घरूनच करून जा. आणि एकटी जाऊ नकोस. दोघी-तिघी मिळून विमान करा, खर्चही वाटला जाईल. पैसे कुठे वाचवणार आहेस?

भाची : गाइड, लॉज, नवे कपडे, नवी रायफल. बंदूक मैत्रिणीची आहे आणि तिच्यावर माझा सराव आहे.

मामा : आणि कुठे वाचवणार नाहीस?

भाची : सॅटेलाइट फोन, अस्वलाचा स्प्रे, तंबूभोवतीचं विजेचं कुंपण. आणि जास्तीचे दिवस. धुकं, वारा असला तर विमान दोन-चार दिवस येत नाही. तेवढं अन्न आणि तेवढी रजा हाताशी हवी.

मामा : त्या दिवसांसाठी आधी पैसे बाजूला काढ. उरले तर टॅग घे. रिकाम्या हाताने परतणं तुला परवडलं पाहिजे. ते परवडत नसेल तर शिकारही परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

भाची : मग यंदा जमणार नाही. कोडियाकचा खर्च या नोव्हेंबरात निघत नाही.

मामा : प्रिन्स ऑफ वेल्सचा निघतो.

भाची : निघतो. तरी तिथे जायचं नाही. पुढच्या वर्षी कोडियाक, तिघी मिळून, प्रत्येकीचा एकच टॅग.